रेशमाच्या कुशीतली जागा

१

सकाळचा चहा पोटात गेला की अनुसयाबाई करडीच्या तेलाची वाटी घेऊन पत्र्याच्या शेडात जायची आणि कुत्र्यांना तेल लावायची. म्हातारपणी तू कुत्र्यांची मालिश करशील असं पूर्वी कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याच्या अंगावर चप्पल फेकली असती. पण आता करत होती. दुसरं करणार तरी कोण? लेक फोनवर, सून खाटेवर, नवरा केव्हाच देवाघरी. राहता राहिली ती आणि हळदीच्या सुगीत मोडलेली तिची कंबर.

कुत्री होती बिनकेसांची. कुणाच्या डोक्यावर चार झिपऱ्या, कुणाच्या शेपटीच्या टोकाला एवढासा गोंडा, बाकी सगळं करडं कातडं उघडंच. ते उन्हानं भाजायचं आणि थंडीनं फुटायचं, म्हणून रोज तेल. हात लावला की ताप आलेल्या लेकराच्या अंगासारखं गरम लागायचं. अनुसयाबाईनं तांड्यातल्या निम्म्या लेकरांना तेल लावून न्हाऊ घातलं होतं, पण या कातड्याची सवय तिच्या हाताला अजून झाली नव्हती.

हा सगळा उपद्व्याप दिपकचा, तिच्या लेकाचा. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावरून आत वळलं आणि थोडी शेतं ओलांडली की त्यांचा तांडा. तिथली जुनी कुत्री म्हणजे लांब पायांची, पोट पाठीला गेलेली, सशामागं सुटली की धुरळ्यात दिसेनाशी होणारी. दिपकला ती पुरली नाहीत. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात हजारो वर्षांपासून बिनकेसांची कुत्री आहेत, तिथले लोक दुखरं अंग शेकायला त्यांना अंथरुणात घेतात, असं त्याला फोननं शिकवलं. मग त्यानं हैदराबादहून एक बोडका नर आणला. तांडा पोट धरून हसला. "कोन्या देवाला जावळ वाहिलं रं याचं?" म्हणाला.

तांड्यातल्या कुत्रीपासून त्याला पिल्लं झाली तेव्हा निम्मी केसाळ निघाली, निम्मी बोडकी. केसाळ दिपकनं धनगरांना फुकट वाटली. बोडकी ठेवली आणि पुढं बोडकीला बोडकाच दाखवायचा असं ठरवलं. सांधे धरलेली माणसं लांबून गाड्या करून यायची आणि पिल्लू छातीशी धरून न्यायची.

त्यातूनच रेशमा निघाली. नाव सुनेनं ठेवलं होतं, चेष्टेनं. तिच्या डोक्यावर झिपऱ्याही नव्हत्या आणि तोंडात दात मोजकेच, तेही पुढचे. दुधात कुस्करलेली भाकरीच तिला जमायची.

"केस जाते तिथं दातबी जाते, याडी. रक्तातच हाय ते," दिपक म्हणायचा. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"आन् अक्कल कशासंगं जाते रे?" अनुसयाबाई विचारायची, आणि वाटी पुसून ठेवायची.

रेशमा हिवाळ्यात पहिल्यांदा व्याली, तेव्हा अनुसयाबाईला एक गोष्ट दिसली होती. पिल्लं दूध प्यायला ओळीनं लागली होती, एकमेकांना तुडवत, लाथा मारत, नेहमीसारखी. पण ओळीत मध्येच एक जागा मोकळी होती. दोन्हीकडची पिल्लं एकमेकांच्या उरावर चढत होती, पण त्या जागेत एकही सरकत नव्हतं. थान आटलं असेल, असं तिला वाटलं. तिनं वाकून पाहिलं, तर थान ओलं होतं.

मरू दे, म्हणाली ती. धुणं पडलं होतं.

२

सुनेचं नाव निलम. पुसेगावकडची पोरगी, बोलायला मोकळी, हसरी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हसण्यानं घर जागं झालं होतं. मग एकदा दिवस राहिले आणि गेले. परत राहिले, परत गेले. दोन्ही वेळा पोट दिसायच्या आधीच. तांड्यातल्या बायका आल्या, बसल्या, "जाऊ दे माय, इसरून जाय, वय हाय अजून," म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या. अनुसयाबाईही तेच म्हणाली होती. दुसरं काय म्हणतात, ते तिलाही कुणी शिकवलं नव्हतं.

या तिसऱ्या खेपेला मात्र पोट टिकलं. पाचवा गेला, सहावा गेला, सातवा लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आडवं राहायचं, डाव्या कुशीवर, उठबस कमी. अनुसयाबाईनं सुनेच्या वाटचं सगळं काम अंगावर घेतलं. पाणी, भाकरी, कुत्री, शेळ्या, हळद. रोज दिवस मावळला की तिला वाटायचं, आता उद्या काही उठणं होत नाही. आणि रोज उठायची. हे लेकरू तिला हवं होतं. नातू हवा, नात हवी, असलं काही नाही; जितं हवं होतं. त्यासाठी ती देवाशीही भांडली असती, पण देवाकडं जायलासुद्धा वेळ पाहिजे ना.

निलमची कंबर फार दुखायची. एके दिवशी रेशमा शेडातून उठून घरात आली, खाटेवर चढली आणि निलमच्या पाठीला पाठ लावून पडली. निलम किती दिवसांनी दुपारी गाढ झोपली.

"राहू दे याडी, लई बरं वाटते," उठल्यावर ती म्हणाली. "इटकर तापवून शेकल्यावानी."

अनुसयाबाईनं राहू दिलं. कुत्रं खाटेवर हे तिला पटलं नव्हतं, पण सून झोपत होती ना. रेशमाही पुन्हा गाभण होती. दोघी आपापली पोटं घेऊन दुपारभर पडून असायच्या, एक डाव्या कुशीवर, एक उजव्या.

३

लस टोचायला कळमनुरीहून जनावरांचे डॉक्टर आले. थकलेला माणूस, उन्हानं काळवंडलेला. रेशमाचं पोट दाबून पाहिलं आणि दिपककडं वळले.

"परत बोडकाच नर दिलास?"

"व्हय सायेब. समदी बोडकी निघावी म्हून."

"न्हाई निघत तशी. केसाळ येतातच. आणि वर नुकसान वेगळंच." डॉक्टरांनी अंगणातल्या खाटेच्या कडेवर टेकून पाणी मागितलं. "हा बोडकेपणा एका बाजूनं आला तर पिल्लू जगतं. आई-बाप दोघांकडून आला तर ते जगतच न्हाई. पोटातच विरून जातं. चारातलं एक तरी असं जातं. म्हणून तुझी पिल्लं कमी. त्या परदेशातल्या लोकांना हे जुनं ठाऊक आहे. ते केसाळ नर मुद्दाम राखतात."

दिपक नाराज झाला. अनुसयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "इरून जाते मंजे? जाते कुठं?"

"जाणार कुठं, मावशी? आईच्या अंगातच जिरतं."

"आईला कळते का?"

डॉक्टर हसले. "कुत्रीला काय मोजता येतंय का?"

निलम आतून ऐकत होती. डॉक्टरांची मोटारसायकल तांड्याबाहेर गेल्यावर अनुसयाबाई आत आली, तर निलमचा हात रेशमाच्या उघड्या पोटावर होता आणि रेशमा तिच्याकडं बघत होती. दोघींचं काही बोलणं चाललं होतं आणि आपण मध्येच आलो, असं उगाच तिला वाटलं. शेळ्या ओरडत होत्या म्हणून ती पुन्हा बाहेर गेली.

४

रेशमा व्याली ती भर मे महिन्यात, दुपारी. पत्रा तापून तडतडत होता. तांड्याच्या रिवाजाप्रमाणं अनुसयाबाईनं बाळंतिणीसाठी गुळाचा शिरा केला आणि ताटलीत घेऊन शेडात गेली.

पिल्लं थोडी होती. दोन-तीन बोडकी, एक केसाळ. एवढ्याशा पिल्लांना आईनं अंग आखडून घ्यायचं असतं. रेशमा मात्र पोत्यावर लांबच लांब पसरली होती, जत्रेत जागा धरून बसलेल्या बाईसारखी. पिल्लं वरच्या टोकाला चिकटली होती. खालची सगळी ओळ रिकामी होती, आणि रेशमा तिथंच चाटत होती.

अनुसयाबाईनं ताटली खाली ठेवली आणि बघत राहिली. कुत्री पोतं चाटते, त्यात काय नवल. व्यालेलीला मिठाची ओढ असते. पण रेशमा पोतं चाटत नव्हती. पोत्याच्या वर, वीतभर वर, तिची जीभ चालली होती. सावकाश, वळणावळणानं. पिल्लाचं पोट चाटतात, मग उलटं करून बूड चाटतात, तसं. मध्येच नाकानं काहीतरी थानाकडं ढकलायची आणि थांबायची. मग पुढचं.

उन्हानं भ्रमलीय बिचारी, अनुसयाबाई मनाशी म्हणाली. तिनं केसाळ पिल्लू उचललं आणि रिकाम्या थानाला लावलं. रेशमा गुरगुरली. जन्मात कधी न गुरगुरलेली कुत्री. पिल्लू पाय झाडत, किंचाळत, डोळे मिटलेलेच, त्या जागेतून मागं सरकत बाहेर आलं.

तिथं काही नाही हे दाखवायला अनुसयाबाईनं हात घातला. कुणाला दाखवायला? तिथं दुसरं कुणी नव्हतं.

जागा गरम होती. रेशमाच्या पोटाची ऊब वेगळी आणि ही वेगळी. ही हाताच्या वरूनही येत होती. मग तिच्या करंगळीला काहीतरी लागलं. ओलं, मऊ. चाचपलं, सापडलं आणि चोखू लागलं. दात नव्हते. नुसत्या हिरड्या.

तिनं हात ओढला तेव्हा शिऱ्याची ताटली उलटली. करंगळीवर थुंकीचा ओघळ होता. तिनं तो पदराला पुसला, विहिरीवर गेली आणि हात धूत बसली. रेशमाच चाटत होती, तिचीच लाळ असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. समजूत पटली नाही.

५

"याडी, तुमाला दिसलं न्हाई व्हय?" निलमनं विचारलं.

अनुसयाबाईनं तिला कुणी काही सांगू नये अशी व्यवस्था केली होती. पण निलम स्वतःच शेडात जाऊन आली होती, पोटाला हात देत, भिंत धरून.

"काय दिसाचं हाय? कुत्री येडी झाली."

"येडी न्हाई. तिनं गेलेल्या समद्यायले जागा धरली." निलम शांत बोलत होती. असं शांत ती बऱ्याच महिन्यांत बोलली नव्हती. "मले समदे म्हनले, इसरून जाय. तुमी म्हनल्या, माही माय म्हनली. मी कोनाचं नाव बी ठिवलं न्हाई, तं इसरू काय? रेशमा इसरत न्हाई. सरकून जागा देते. इतकंच करते ती, याडी. लई मोठं काई न्हाई करत."

पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा असं अनुसयाबाईला वाटलं, आणि त्याच वेळी तिचं लक्ष खाटेकडं गेलं. निलम खाटेच्या अगदी काठावर निजली होती. आठ महिन्यांचं पोट घेऊन बाई काठावर निजत नाही. तिच्यापुढं अर्धी खाट मोकळी होती. गोधडीवर तिथं खोलगट वळ्या पडल्या होत्या, दोन ठिकाणी.

"मधी नीज," अनुसयाबाई ओरडली. "पडशील! मधी सरक म्हनते न!"

निलमनं ऐकलं. सरकली. पण सरकण्याआधी तिनं गोधडी हातानं अलगद चाचपली, आपण कुणाच्या अंगावर तर जात नाही ना, असं बघावं तशी.

त्याच दुपारी अनुसयाबाईनं ठरवलं. कुत्री या घरात राहणार नाही.

६

दिपक आधी कुरकुरला. पण वसमतचा एक हळदीचा व्यापारी रेशमाला पिल्लांसकट मागतच होता. त्याची आई संधिवातानं अंथरुणाला खिळली होती. फुलसिंग, अनुसयाबाईचा दीर, टेम्पो घेऊन वसमतला निघालाच होता. जमून गेलं.

व्यालेली कुत्री हलवायची तांड्याची रीत ठरलेली आहे. पिल्लं टोपलीत घालायची, टोपली आईच्या नाकापुढं धरून चालायचं, म्हणजे ती आपल्या पायानं मागं येते. ती गेली की तिचं पोतं जाळायचं आणि जागेवर राख टाकून सारवायचं. वास राहिला नाही की आई परत येत नाही. अनुसयाबाईनं कित्येक कुत्र्या अशा हलवल्या होत्या, आणि एकही परत आली नव्हती.

गळ्यात सैल दोरी घेऊन रेशमा टोपलीमागं निघाली. शेडाच्या दारापर्यंत आली आणि थबकली. मग वळून पोत्याकडं गेली, मान खाली घातली आणि जबडा अर्धा मिटून वर उचलला. पिल्लाला मानगुटीला धरतात तसा. तोंडात काहीच नव्हतं. पण ती चालत होती जपून, मान उंच धरून, पाय रुंद टाकत, खाली काही घासू नये म्हणून.

"चाल गं!" फुलसिंगनं हॉर्न वाजवला.

अनुसयाबाईनं दोरीला हिसका दिला. रेशमाचं तोंड उघडलं. तिनं लगेच खाली बघितलं, जमीन हुंगली, दोरी ताणून मागं ओढ घेतली आणि असा आवाज काढला की अनुसयाबाईला कानात बोटं घालावीशी वाटली. दोघांनी तिला उचलून टेम्पोत टाकली. गाडी रस्त्याला लागेपर्यंत ती मागच्या फळीवर पुढचे पाय ठेवून उभी होती.

मग अनुसयाबाईनं पोतं जाळलं. दूध उतू जाऊन चुलीत पडल्यावर येतो तसा वास शेडभर झाला. तिनं राख पसरली, शेण कालवलं, जागा सारवून काढली. हात धुऊन भिंतीला टेकली तेव्हा तिला बसल्या बसल्या झोप लागली, आणि कित्येक महिन्यांत लागली नव्हती इतकी गाढ लागली.

७

मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात, सुखरूप, दिवसाढवळ्या. काळेभोर केस, भरलेले गाल, आणि रडणं असं की बाहेरच्या चिंचेखाली बसलेल्या दिपकला ऐकू गेलं. अनुसयाबाईनं नात हातात घेतली आणि तिला रडू फुटलं. तिनं ते लपवलंही नाही. जिंकलो, असं तिला वाटलं. घरी आल्यावर पायाचे तळवे सुजले होते, तरी तिनं तांडाभर गूळ वाटला.

थोडेच दिवस बरे गेले. मग पोर रडायला लागली, भुकेचं रडणं. निलम छातीशी लावायची, पोर ओढ ओढ ओढायची, आणि तोंड सोडून पुन्हा रडायची. आशाताई आली. तिनं दाबून पाहिलं, थेंब येईना. पोरीचं वजन केलं तर दवाखान्यातल्यापेक्षा कमी भरलं.

"दूध तं उतरून राहिलं असन, काकू. चोळी बघा की वली हाय," आशाताई म्हणाली.

चोळी ओली होती, दोन्ही बाजूंनी. बाटलीचं दूध पोरीला पचेना, सगळं उलटायची. डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली, दवाखान्याच्या गोळ्या झाल्या. निलम दिवसेंदिवस वाळत चालली. तिला सारखी झोप यायची. विचारलं तर म्हणायची, "थकून राहिले याडी. काईच दुखत न्हाई, नुसती थकून राहिले."

एका दुपारी नात झोळीत निजली होती. झोळीची दोरी अनुसयाबाईच्या हातात होती. ती दोरी ओढत ओसरीवर बसली होती आणि पोरीचं मिटलेलं तोंड तिला समोर दिसत होतं. तांड्यात सामसूम. आणि आतल्या खोलीतून आवाज आला, चुटूचुटू, चुटूचुटू. एकाचा नाही. एक थांबायचा तेव्हा दुसरा चालू असायचा.

मांजर असेल, तिनं स्वतःला सांगितलं. दोरी सोडून ती दाराशी गेली. निलम गाढ झोपेत होती, खाटेच्या काठावर. चोळीची बटणं सुटलेली. झोपेतच तिनं हात उचलला, कोपरात वाकवला आणि काहीतरी कुशीत घेतलं. शहाबादी फरशीवर, खाटेच्या खाली, ओल्या फडक्यानं पुसत जावं तसे बारीक बारीक पट्टे उमटले होते. दारातून खाटेपर्यंत. शेडाच्या बाजूनं आलेले.

तेव्हा अनुसयाबाईला आपली चूक कळली. टोपलीत घातली होती ती दिसणारी पिल्लं. बाकीची तिनं मागं ठेवली होती. त्यांची आई ओढून नेली, त्यांचं पोतं जाळलं, त्यांची जागा सारवली. आणि दूध असलेली दुसरी आई तर याच घरात होती.

८

"रेशमाले परत आन," तिनं दिपकला सांगितलं. "आजच. कुनाचे पाय धराचे ते धर."

दिपक खाली मान घालून उभा राहिला. "रेशमा ऱ्हायली न्हाई, याडी. फुलसिंगकाका सांगू नको म्हनला. तिनं तिथं तोंडालेच काई लावलं न्हाई. रस्त्याकडं तोंड करून बसली ती बसलीच."

अनुसयाबाई मनात एकेक वाट चाचपू लागली. निलमला माहेरी पाठवावं? पिल्लू दुधामागं जातं, त्याला पुसेगाव काय आणि तांडा काय. हाकलावं? ज्याला धरता येत नाही त्याला हाकलणार कुठून. आत नात रडत होती, आणि आता तिचं रडणं बारीक झालं होतं. त्या बारीक आवाजाची भीती तिला खाटेखालच्या पट्ट्यांहून जास्त वाटली.

शेळी मेली तर तिची करडं काय करतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं. बिनआईचं करडू दुसऱ्याच्या आईला पिळून खातं, आणि त्या आईचं स्वतःचं लेकरू उपाशी राहतं. त्याला मारूनही उपयोग नसतो. त्याला तिसरीकडं लावावं लागतं. नव्या आचळाला ते तोंड लावत नसेल, तर ज्या दुधाची चव त्याला लागलीय तेच दूध त्या आचळाला पुसायचं. मग येतं.

तिनं निलमच्या ओल्या चोळीला हात लावला. बोटं ओली झाली, तशीच पदराआड नेली. मग ती शेडात गेली, सारवलेल्या जागेवर पोतं अंथरलं आणि डाव्या कुशीवर निजली. पत्र्याच्या भोकांतून ऊन आत येत होतं. साठीला टेकलेली बाई, भर दुपारी, कुत्र्यांच्या शेडात, चोळी उघडी टाकून. कुणी पाहिलं तर तांडा थुंकेल. हसू येण्याइतकंही बळ तिच्यात नव्हतं. आपल्यात दूध कुठलं, म्हणा. पण त्यांना दूधच हवं असतं तर वेगळं. निलम म्हणाली होती, रेशमा नुसती सरकून जागा देते.

ती सरकली. पुढं पोतं मोकळं केलं.

"या," ती म्हणाली. "तिकडं नका जाऊ रे. इकडं या."

काही झालं नाही. माशी घोंगावली. घरात नात रडत होती. मग पोतं दबलं, पायांपाशी, मग गुडघ्यांपाशी. ऊब आली. पहिलं तोंड लागलं तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले. हिरड्या, दात नाहीत. दुसरं आलं, तिसरं, एकमेकांना ढकलत, तुडवत. उघडी, गरम, निसरडी अंगं. दुखत होतं. तिनं दुखू दिलं.

घरातलं रडणं थांबलं. अनुसयाबाईनं श्वास रोखून कान दिला. नात घुटके घेत होती, मोठे मोठे, तहानलेले. पीत होती. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं.

आता उठावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात छातीशी आणखी काही तरी आलं. सगळ्यांत शेवटी, दबकत, ढकलाढकली न करता. तिनं ओळीत जागा करायला हात पुढं केला, तर त्यानं तिचं बोट धरलं. पाचही बोटांनी. इवलीशी, नखं अजून नीट न आलेली बोटं. त्याच्यामागून दुसरा हात आला, वेगळा, त्याहून लहान, आणि तिच्या अंगठ्याला चिकटला.

अनुसयाबाईनं डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर दिसलं असतं, आणि दिसल्यावर तिला उठून पळावं लागलं असतं. तिनं गुडघे पोटाशी घेतले आणि दोघांभोवती अंगाची वाटी केली.

"याडी!" घरातून निलमची हाक आली. आवाजात हसू होतं, पहिल्यासारखं. "याडी, पोरगी पिऊन राहिली! पोटभर पिऊन राहिली! कुठं हाव तुमी? चहा ठिवू का?"

"ठिव," अनुसयाबाई म्हणाली. "मले उशीर लागन."